दंतवैद्यकाचं पुस्तक: कागद, पडदा आणि तालुक्याचा दवाखाना

बीडीएसच्या पहिल्या वर्षात पाऊल टाकलं की दोन याद्या हातात पडतात. एक सामानाची: मेणाचे ठोकळे, मेण कोरायचा लेक्रॉन कार्व्हर, पांढरा कोट आणि ओळखीच्या दवाखान्यांतून मागून आणायचे, उपटून काढलेले खरे दात. दुसरी पुस्तकांची: शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, दातांची रचना, तोंडातल्या ऊतींची सूक्ष्मरचना. पहिल्या यादीला पर्याय नाही. दात मेणात कोरायचा तर मेण लागतंच. दुसऱ्या यादीपुढे मात्र आता प्रत्येक विद्यार्थी थबकतो. एकेका पुस्तकाला हजार-दोन हजार रुपये मोजायचे, की तेच पुस्तक टॅबवर उघडायचं?

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की काटेवाडीच्या अलीकडे पिंपळी येते. ऊसपट्ट्यातलं गाव. इथली एखादी मुलगी बीडीएसला लागली, की पुणे, लोणी, कराड, सांगली यांपैकी कुठेतरी वसतिगृहात राहायला जाते. चार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप झाली की ती शहरात नोकरी धरेल, नाहीतर परत येऊन बारामती, भिगवण, इंदापूर अशा ठिकाणी दवाखाना काढेल. पुस्तकाचा प्रश्न तिच्यापुढे दोनदा येतो: एकदा शिकताना आणि एकदा एकटीने रुग्ण तपासताना. आपल्याकडची सगळी चर्चा पहिल्या वेळेभोवती फिरते. या प्रकरणात दोन्ही वेळा एकत्र पाहायच्या आहेत. कारण डिजिटल पुस्तकाची खरी गरज दुसऱ्या वेळी जास्त असते, आणि नेमकं तेव्हाच ते हातातून काढून घेतलं जातं.

छापील पुस्तकाने काय दिलं

पियेर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ मध्ये आपल्या विद्येवर दोन खंडांचं पुस्तक छापलं. त्याआधी दातांवरचे उपचार ही बहुतेक ठिकाणी राखून ठेवलेली कला होती. जाणकार ती शिष्याला दाखवायचा, बाहेर सांगायचा नाही. फोशारने अवजारांची आणि उपचारांची चित्रं तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेतली आणि छापून सगळ्यांसमोर ठेवली. आधुनिक दंतवैद्यकाची सुरुवात या पुस्तकापासून मानतात, ती यासाठीच. हातातलं कौशल्य अनोळखी माणसालाही शिकता येईल अशा रूपात पहिल्यांदा मांडलं गेलं.

भारतात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात पहिलं दंत महाविद्यालय सुरू केलं. ते स्वतः अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात शिकले होते. १९२८ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी दातांच्या दुरुस्तीवर एक हस्तपुस्तिका लिहिली. मुंबईत नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयाची सुरुवात १९३३ ची. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये दंतवैद्य कायदा झाला आणि अभ्यासक्रमाला देशभर एक चौकट मिळाली. वर्गात वापरायची मुख्य पुस्तकं मात्र दीर्घकाळ परदेशीच राहिली. दंतसामग्रीवरचं स्किनर यांचं १९३६ चं, दातांच्या रचनेवरचं व्हीलर यांचं १९४० चं, मुखाच्या विकृतींवरचं शेफर आणि सहकाऱ्यांचं १९५८ चं. या पुस्तकांच्या सुधारित आवृत्त्या आजही आपल्या ग्रंथालयांत आहेत. काहींना भारतीय संपादकांनी इथल्या विद्यार्थ्यांसाठी नव्याने घडवलं, आणि त्यांच्या जोडीला भारतीय प्राध्यापकांची स्वतःची पुस्तकंही आली.

या शंभर वर्षांत पुस्तकाने एक व्यवस्था तयार केली. वरच्या वर्गातली ताई आपली पुस्तकं खालच्या वर्गातल्या मुलीला निम्म्या किमतीत देते. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांची देवघेव चालते. ग्रंथालयातली एकच प्रत दहा बॅचेस वाचतात. पानाच्या कडेला आधीच्या वाचकाने पेन्सिलने लिहिलेला मराठी अर्थ पुढच्याच्या कामी येतो. ही व्यवस्था कोणी ठरवून उभारलेली नाही, पण ग्रामीण भागातून आलेल्या कित्येक विद्यार्थ्यांचं शिक्षण तिच्यावर तरलेलं आहे.

चार वर्षांचं कपाट एका तबकडीत

छापील पुस्तक बाजूला ठेवण्याचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकेत झाला, आणि तो दंत महाविद्यालयांतच झाला. या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क विद्यापीठासह काही ठिकाणच्या दंत महाविद्यालयांनी नव्या विद्यार्थ्यांना चारही वर्षांची पाठ्यपुस्तकं एका डीव्हीडीवर दिली. व्हायटल सोर्स या कंपनीने ती तयार केली होती. पुस्तकांसोबत वर्गातल्या टिपणांचाही समावेश होता, आणि ठरावीक काळाने मजकूर अद्ययावत केला जायचा.

दंतवैद्यकच का? एक कारण म्हणजे अभ्यासक्रम बांधीव असतो; कोणत्या वर्षी काय शिकायचं हे आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे सगळी पुस्तकं एकत्र बांधून देता येतात. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. या शास्त्रात विषय एकमेकांत गुंतलेले असतात. चौथ्या वर्षी अक्कलदाढ काढायला शिकताना पहिल्या वर्षातली नस कुठून जाते ते पाहावं लागतं, दुसऱ्या वर्षातलं भूल देण्याचं औषध आठवावं लागतं, तिसऱ्या वर्षातल्या सामान्य वैद्यकातला मधुमेह लक्षात ठेवावा लागतो. चार पुस्तकं शोधण्याऐवजी एक शब्द टंकून चारही ठिकाणचा मजकूर समोर येणं, हा त्या तबकडीचा खरा फायदा होता.

तोटाही तितकाच स्पष्ट होता. संच सक्तीचा, सगळ्यांना एकच किंमत. जुनं पुस्तक स्वस्तात घेण्याची वाट बंद आणि वर्ष संपल्यावर पुस्तक विकून थोडे पैसे परत मिळवण्याचीही वाट बंद. पुढे तबकड्या गेल्या, पुस्तकं इंटरनेटवर आली, टॅब आले. हा मूळ व्यवहार मात्र फारसा बदलला नाही.

आपल्याकडे हा बदल महाविद्यालयांच्या निर्णयापेक्षा परिस्थितीने जास्त घडवला. मार्च २०२० मध्ये महाविद्यालयं बंद झाली, वसतिगृहं रिकामी झाली. चार-आठ दिवसांसाठी घरी निघालो असं समजून मुलांनी पुस्तकं खोलीतच ठेवली होती. पुढचे कित्येक महिने गावाकडे मोबाइलच्या पडद्यावर व्याख्यान आणि त्याच पडद्यावर पाठ्यपुस्तक, असा अभ्यास चालला. दंतवैद्यकाला त्याची झळ जास्त बसली, कारण ज्या तोंडात काम करून शिकायचं ते तोंड मास्कखाली होतं. त्या काळात लागलेली पडद्याची सवय पुढच्या बॅचेसमध्येही राहिली.

पडदा कुठे सरस ठरतो

दंतवैद्यकात पडदा डिजिटल पुस्तकाच्या आधी आला. विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला, आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीलाच ऑटो वाल्कहोफ यांनी जर्मनीत दातांचा पहिला एक्स-रे काढला. त्यासाठी २५ मिनिटं किरणांपुढे स्थिर राहावं लागलं होतं. १९८७ मध्ये फ्रान्समधून आरव्हीजी आलं, म्हणजे फिल्मशिवाय थेट संगणकावर दिसणारा दातांचा एक्स-रे. आज तालुक्याच्या दवाखान्यातही आरव्हीजीचा सेन्सर सर्रास दिसतो.

हा एक्स-रे शिकायचा कुठून? छापील पानावर करड्या रंगाच्या छटा बारीक ठिपक्यांतून उमटवाव्या लागतात. मुळाच्या टोकाशी नुकतीच सुरू झालेली काळसर छाया, दोन दातांमध्ये आत शिरणारी कीड, असे बारकावे त्यात हरवतात. पडद्यावर तोच एक्स-रे मोठा करता येतो, गडद-फिका करता येतो. सूक्ष्मरचनेचंही तसंच. पुस्तकातलं चित्र एकाच पटीत मोठं केलेलं असतं. डिजिटल स्लाइडवर विद्यार्थी आधी पूर्ण दात पाहतो, मग आत जात इनॅमल आणि डेंटिनची सीमा गाठतो, आणि आपण नेमके कुठे आहोत हे त्याला सतत कळत राहतं. रेडिओलॉजी, सूक्ष्मरचना, मुखविकृती या विषयांत कागदाचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

यंत्राच्या सोयीचा विचार तर दातांच्या क्रमांकापर्यंत पोचला आहे. जुन्या पद्धतीत आडवी-उभी रेघ काढून तोंडाचे चार भाग दाखवत आणि त्या कोपऱ्यात आकडा लिहीत. हाताने लिहायला ते सोपं, टंकलेखन यंत्रावर मात्र अवघड. १९७० च्या सुमारास जागतिक दंत संघटनेने दोन आकड्यांची पद्धत स्वीकारली: पहिला आकडा तोंडाच्या भागाचा, दुसरा दाताचा. वरची उजवीकडची पहिली मोठी दाढ म्हणजे १६. ही पद्धत निवडताना छापायला आणि संगणकात भरायला ती सोपी असावी, असाही निकष होता.

पडद्याची खरी ताकद मात्र बदलत्या ज्ञानात दिसते. हिरड्यांच्या आजारांचंच पाहा. १९९९ च्या वर्गीकरणात दातांभोवतीचं हाड झिजवणाऱ्या आजाराचे ‘क्रॉनिक’ आणि ‘ॲग्रेसिव्ह’ असे मुख्य प्रकार होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये शिकागोत जगभरचे तज्ज्ञ जमले आणि २०१८ मध्ये नवं वर्गीकरण प्रसिद्ध झालं. जुने दोन्ही प्रकार एकाच नावाखाली आले. आजार किती पुढे गेला आहे ते सांगायला चार टप्पे आणि तो किती वेगाने वाढतो आहे ते सांगायला तीन श्रेणी ठरल्या. २०१८ च्या आधीची आवृत्ती स्वस्तात घेणाऱ्या विद्यार्थ्याने ती मन लावून पाठ केली तरी तो कालबाह्य निदान शिकतो. छापील पुस्तकाची नवी आवृत्ती निघायला काही वर्षं जातात. मूळ निबंध मात्र इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वाचता येतात.

अजून एक शक्यता आपण अजून पुरती वापरलेली नाही: पुस्तकात आपल्या ओपीडीचं पान घालण्याची. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू उघडेनासं होतं. गालाच्या आतली त्वचा पांढरट, ताठ होते. डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये या आजाराला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव दिलं. पुढे १९६६ मध्ये डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग आणि मुंबईच्या संशोधक सत्यवती सिरसाट यांनी त्याची जी व्याख्या केली, ती जगभरच्या पुस्तकांत गेली. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी हे रुग्ण ओपीडीत येतच असतात. परदेशी पुस्तकात मात्र या आजाराला थोडकीच जागा मिळते. मिश्री लावल्याने काळवंडलेल्या हिरड्या, तंबाखू-चुन्याची गोळी जिथे धरतात तिथे उमटलेला पांढरा डाग, यांची चांगली छायाचित्रं आपल्याच महाविद्यालयांत जमा होत असतात. रुग्णाची संमती घेऊन, ओळख झाकून ती डिजिटल पुस्तकात घालता येतील. सोबत रुग्ण काय म्हणून सांगतो तेही देता येईल: दात शिवशिवतोय, रात्री ठणका लागतो, चूळ भरली की रक्त येतं. पिंपळीच्या मुलीला उद्या हेच रुग्ण भेटणार आहेत.

कागद कुठे सरस ठरतो

मग सगळंच पडद्यावर का नेऊ नये? कारण पाहणं आणि समजून घेणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

२०१८ मध्ये पाब्लो डेलगाडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागद आणि पडदा यांची तुलना करणारे ५४ अभ्यास एकत्र तपासले. २००० ते २०१७ या काळातले हे अभ्यास होते आणि त्यांत मिळून १,७१,००० हून अधिक वाचक होते. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना अधिक चांगला समजला. वेळेची मर्यादा असली की हा फरक वाढला. कथेच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही. आणि सरत्या वर्षांबरोबर, म्हणजे लोक पडद्याला सरावत गेले तसा, फरक कमी व्हायला हवा होता. तो उलट वाढलेला आढळला.

त्याआधी २०११ मध्ये रकेफेत ॲकरमन आणि मॉरिस गोल्डस्मिथ या इस्रायली संशोधकांनी याचं एक कारण दाखवून दिलं होतं. आपापल्या गतीने अभ्यास करा असं सांगितल्यावर पडद्यावर वाचणाऱ्यांना आपल्याला विषय समजला असं जास्त वाटलं, प्रत्यक्ष परीक्षेत मात्र गुण कमी पडले. समजलं असं वाटलं की माणूस वाचणं थांबवतो. अभ्यासात याहून मोठा धोका नाही.

आता बीडीएसचं पहिलं वर्ष डोळ्यांसमोर आणा. खालच्या जबड्याची नस बधिर करण्याचं इंजेक्शन कुठे द्यायचं, ते समजायला जबड्याच्या हाडाचा आतला भाग, त्यावरचं छिद्र, तिथून शिरणारी नस, शेजारची रक्तवाहिनी आणि पुढे ताणलेला स्नायू यांचा एकमेकांशी संबंध मनात उभा करावा लागतो. विल्यम हॉलस्टेड यांनी १८८५ च्या सुमारास कोकेन वापरून ही नस बधिर केली, तेव्हा ती जिथून जात होती तिथूनच आजही जाते. अशा ज्ञानाला दर महिन्याला अद्ययावत होण्याची गरज नसते. ते सावकाश वाचावं लागतं, दोन पानं मागे जाऊन पुन्हा पाहावं लागतं, वहीत आकृती काढावी लागते. डाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात ती आकृती होती, ही आठवणसुद्धा इथे मदत करते. सरकत जाणाऱ्या पडद्यावर मजकुराला ठरलेली जागा नसते.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी कागदाचं मोल आणखी वेगळं आहे. पहिल्या वर्षी इंग्रजी वाक्य एका दमात उमगत नाही. शब्दाखाली रेघ, बाजूला मराठी अर्थ, वर उच्चार, असं करत पान आपलंसं करावं लागतं. बोट ठेवताच अर्थ दाखवणारा डिजिटल शब्दकोश वेळ वाचवतो, तोही वापरावाच. पण आयता दिसलेला अर्थ पटकन निसटतो. स्वतःच्या हाताने लिहिलेला राहतो.

परीक्षाही याच बाजूने उभी आहे. दंत परिषदेच्या नियमांनुसार बीडीएसच्या लेखी परीक्षेला ७० गुण असतात आणि ती तीन तास हाताने लिहायची असते. दीर्घोत्तरी प्रश्नात विषयाची मांडणी लागते, आकृती लागते. पदव्युत्तर प्रवेशाची नीट-एमडीएस मात्र संगणकावर होते: २४० प्रश्न, चारांतला एक पर्याय निवडायचा. एकाच विद्यार्थ्याला दोन प्रकारचं वाचन लागतं. विषय मनात रचण्यासाठी पुस्तक, आणि रचलेलं चाचपून पाहण्यासाठी पडद्यावरची प्रश्नावली. प्रश्नावलीपासूनच सुरुवात करणाऱ्याला उत्तरं येतात, विषय येत नाही.

आणि काही गोष्टी कागद व पडदा या दोघांच्याही पलीकडच्या आहेत. दाताचं त्रिमितीय चित्र पडद्यावर हवं तसं फिरवता येतं. तरीही मेणाच्या ठोकळ्यातून वरची पहिली दाढ कोरताना तिच्या पृष्ठावरची तिरपी कड बोटांना जशी कळते, तशी डोळ्यांना कळत नाही. रूट कॅनाल करताना याच दाढेच्या पुढच्या बाहेरच्या मुळात दडलेली जादाची नलिका शोधायची असते. ती शोधणारा हात पहिल्या वर्षाच्या मेणावर तयार होतो.

विकत घेतलेलं पुस्तक कोणाचं?

छापील पुस्तक विकत घेतलं की ते आपलं. कोणाला द्या, विका, वीस वर्षं ठेवा. डिजिटल पुस्तकाचे पैसे देतो तेव्हा बहुतेक वेळा आपण वाचण्याचा परवाना घेत असतो, तोही ठरावीक मुदतीचा आणि दुसऱ्याला देता न येणारा.

याचा अर्थ काय होतो ते जगाने पाहिलं आहे. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑरवेल यांची दोन पुस्तकं वाचकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकली, कारण ती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत मिळाले, पण एका शाळकरी विद्यार्थ्याची त्या पुस्तकाला जोडून केलेली टिपणं निकामी झाली, आणि तो न्यायालयात गेला. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं. विकलेली पुस्तकं वाचकांच्या यंत्रांवरून नाहीशी झाली. किंमत परत दिली, आणि ज्यांनी टिपणं केली होती त्यांना वर २५ डॉलर. चार वर्षांच्या अभ्यासाची टिपणं गमावणाऱ्या विद्यार्थ्याला कोणत्याही रकमेने भरपाई मिळू शकत नाही.

करांनीही दोन्ही पुस्तकांत भेद केला. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. ई-पुस्तकांवर सुरुवातीला १८ टक्के होता. जुलै २०१८ मध्ये, ज्यांची छापील आवृत्ती आहे अशा ई-पुस्तकांसाठी तो ५ टक्के झाला.

एवढ्या अडचणींत सोपी वाट म्हणून पीडीएफ फिरतात. ग्रुपवर फाइल येते, कोणीतरी पुस्तक पानापानाने स्कॅन केलेलं असतं. यात लेखक आणि प्रकाशकाचा हक्क बुडतो, आणि आपल्या विषयात लेखक म्हणजे अनेकदा आपल्याच महाविद्यालयांत शिकवणारे प्राध्यापक असतात. नुकसान विद्यार्थ्याचंही होतं. अशा फाइलींत आवृत्ती जुनी असू शकते, पानं गळालेली असू शकतात, ऊतींच्या चित्रांतले जांभळे-गुलाबी रंग करडे झालेले असू शकतात. जिथे रंगावरूनच पेशी ओळखायची, तिथे असं पुस्तक चुकीचं शिकवतं. मुलांना दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. परवडेल अशी कायदेशीर सोय जिथे नाही तिथे पीडीएफ फिरत राहणारच.

पदवीनंतरचा वाचक

आता पिंपळीची ती मुलगी डॉक्टर होऊन परत आली आहे असं समजू. सकाळी एक आजी दाढ काढायला येतात. त्यांना हाडांच्या ठिसूळपणासाठी औषध चालू आहे. २००३ मध्ये रॉबर्ट मार्क्स यांनी लक्षात आणून दिलं की बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं घेणाऱ्या काही रुग्णांच्या जबड्याचं हाड दात काढल्यावर भरून येत नाही, उघडं पडतं, मरतं. त्यानंतर या विषयावरच्या सूचना अनेकदा बदलल्या. अमेरिकेतल्या मुखशल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०२२ मध्ये त्या पुन्हा सुधारल्या. दुपारी एक गृहस्थ येतात, त्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे. दात काढण्याआधी अँटिबायोटिक द्यायचं का आणि कोणतं? अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये ही यादी खूप लहान केली आणि २०२१ मध्ये, पूर्वी पर्याय म्हणून चालणारं क्लिंडामायसिन आता देऊ नये असं सांगितलं.

या प्रश्नांची उत्तरं तिने कॉलेजात पाठ केलेल्या पुस्तकात जशीच्या तशी मिळणार नाहीत. शहरातल्या महाविद्यालयात शेजारच्या खोलीत तज्ज्ञ असतो, खाली ग्रंथालय असतं. तालुक्याच्या दवाखान्यात ती एकटी असते. शोधता येईल, अद्ययावत असेल, विश्वासार्ह असेल अशा पुस्तकाची गरज सगळ्यात जास्त इथे आहे. आणि तिचं महाविद्यालयाचं लॉगिन मात्र इंटर्नशिपसोबत संपलेलं असतं.

सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. ही मोठी आणि स्वागतार्ह गोष्ट आहे. पण ती सरकारी संस्थांसाठी आहे आणि संशोधन नियतकालिकांपुरती आहे. महाराष्ट्रात सरकारी दंत महाविद्यालयं मोजकीच. बहुतेक विद्यार्थी खासगी संस्थांत शिकतात. आणि तालुक्याला प्रॅक्टिस करणारी डॉक्टर तर कोणत्याच संस्थेत नसते. म्हणजे जी रोज रुग्णावर निर्णय घेते, तीच या दाराबाहेर राहते.

मग करायचं काय?

पहिल्या दोन वर्षांत पायाच्या विषयांची छापील पुस्तकं प्रत्येकाच्या हातात असावीत. विकत घेणं परवडत नसेल त्याला महाविद्यालयाने वर्षभरासाठी संच द्यावा आणि वर्षाअखेरीस परत घ्यावा. पुस्तकपेढीची ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे, ती दुबळी पडू देऊ नये. एक्स-रे, सूक्ष्मरचना, मुखविकृती यांसाठी पहिल्या दिवसापासून चांगला मोठा पडदा हवा. मोबाइलच्या पाच-सहा इंचांत हाडाची झीज शिकता येत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी, विषय एकमेकांना भिडू लागतात तेव्हा, शोधता येणारी डिजिटल पुस्तकं सगळ्यांना खुली असावीत.

शिक्षकांनी वर्गात सांगावं की कोणतं प्रकरण अजून तसंच आहे आणि कोणतं बदललं आहे. जुनी आवृत्ती वापरणाऱ्या विद्यार्थ्याला एवढ्या एका गोष्टीने मोठा आधार मिळतो. शरीररचनेचं दहा वर्षं जुनं पुस्तक खुशाल वाचावं. हिरड्यांच्या आजारांचं वाचू नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: महाविद्यालयं प्रकाशकांशी डिजिटल पुस्तकांचा करार करतात तेव्हा त्यांनी पदवीनंतरची काही वर्षं त्यात मागून घ्यावीत. प्रत्येक दंतवैद्याला राज्य दंत परिषदेकडे नोंदणी करावी लागते आणि तिचं नूतनीकरणही करावं लागतं. त्या नोंदणीलाच एका सामायिक डिजिटल ग्रंथालयाचं सभासदत्व जोडता येईल. हजारो दंतवैद्यांनी मिळून घेतलेली वर्गणी एकेकट्याला जड जाणार नाही. परिषद ही नोंदणी करतेच आहे; तिला वाचनाची जोड देण्यासाठी नवी संस्था उभारावी लागणार नाही.

दंतवैद्यकाचं शिक्षण पाच वर्षांत संपतं, प्रॅक्टिस पस्तीस-चाळीस वर्षं चालते. पुस्तक कागदावर असावं की पडद्यावर, हे ठरवताना आपण आजवर फक्त पहिल्या पाच वर्षांचा विचार केला. पुढच्या चाळीस वर्षांचा विचार केला, तर डिजिटल पुस्तकाचं पहिलं हक्काचं ठिकाण वसतिगृहाच्या खोलीआधी तालुक्याचा दवाखाना ठरतं. तिथे ते पोचलं, तर दाढ दुखते म्हणून आलेल्या पिंपळीच्या आजीला पुण्यातल्या रुग्णाइतकाच ताज्या ज्ञानाचा उपचार मिळेल. दंत महाविद्यालयांनी, परिषदेने आणि सरकारने डिजिटल पुस्तकांवर खर्च करताना तो कोणासाठी करतो आहोत याचं उत्तर आधी हेच ठेवावं.